संकष्टीचे क्लेपोन

आधी चहा संपवा, मग सांगते. नाहीतर हसताना ठसका लागायचा! माझी अशी फजिती झाली, की आमचे हे अजून जेवता जेवता मधेच थांबून एकटेच हसतात.

आता मला सांगा, बालीला आठवडाभर जाऊन आलेली बाई गप्प बसेल का? तिथं एका गाडीवर मी क्लेपोन खाल्ले. हिरव्यागार गोळ्या हो! आत गूळ भरायचा, उकळत्या पाण्यात सोडायच्या, वर तरंगल्या की काढून ओल्या खोबऱ्यात घोळवायच्या. गाडीवालीसमोर उभं राहून सगळं बघून घेतलं. एकदा बघितलं की मला येतं. मी आहेच तशी!

त्यात माझ्या लेकीचं, रेवतीचं लग्न जमत आलेलं. तिनं आणि मुलानं एकमेकांना कधीच पसंत केलेलं, फक्त त्याच्या आईचा, शकुंतलाबाईंचा होकार बाकी होता. ते नवरा-बायको पाचोडहून आमच्याकडं यायचे होते आणि नेमकी संकष्टी! बाईंचा उपास म्हणजे एकदम कडक.

"आई, साबुदाण्याची खिचडी कर आणि विषय संपव," रेवती म्हणाली.

"खिचडी कुणीपण करतं. मी उपासाचे क्लेपोन करणार! तांदळाच्या पिठाऐवजी रताळं आणि साबुदाण्याचं पीठ. आहे का कुणाची हिंमत?"

हिरव्या रंगासाठी तिकडं एक सुवासिक पान वापरतात. त्याच्यासाठी गुलमंडीचा अख्खा बाजार पालथा घातला. शेवटी एक दुकानदार वैतागून म्हणाला, "अम्मा, ये पत्ता इधर नै मिलता. नक्को ढूंढो!"

मी काय हटते होय? घरी आले, फ्रिज उघडला, मिक्सर फिरवला, रंगाचा बंदोबस्त झाला.

पाहुणे आले. मी थाटात बशी पुढं केली. शकुंतलाबाईंनी एक खाल्ला, दुसरा घेतला, तिसराही उचलला. "लई भारी लागतंय हो ताई! उपासाचंच हाय ना सगळं?"

"म्हणजे काय! रताळं, साबुदाणा, गूळ, खोबरं. डोळे झाकून खा!"

क्लेपोन अख्खा तोंडात टाकायचा असतो, हे सांगायचं मात्र स्वतःच्या कौतुकात राहूनच गेलं. मुलाच्या वडिलांनी अर्धा तोडला आणि गरम गुळाची पिचकारी थेट त्यांच्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्यावर!

"आरारारा! डाग निघंल का हो ह्यो?"

"निघेल की! आणि रंगाची तर काळजीच करू नका. केमिकल नाही काही, ताज्या पालकाचा आहे!"

शकुंतलाबाईंचा हात तोंडाजवळच थांबला.

"कशाचा म्हणलात?"

उपासाला पालक! माझ्या डोक्यात उजेड पडला तो तेव्हा. दुसरी कुणी असती तर तिथंच हात जोडले असते. मी? मी छाती पुढं काढून म्हटलं, "अहो, बालीत पण गणपती आहेत! तिकडं चालतो पालक!"

त्यांनी माझ्याकडं शांतपणे बघितलं. "चालत असंल. पण ताई, म्या उपास पाचोडात धरलाय. बालीत नाय."

रेवतीचे डोळे भरून आले आणि माझं सगळं अवसान गळालं. एवढं चांगलं स्थळ मी पालकापायी घालवलं. कान धरले. "चुकलं माझं. माझ्या दीडशहाणपणाची शिक्षा पोरीला देऊ नका."

बाईंनी हातातल्या क्लेपोनकडं बघितलं आणि सरळ तोंडात टाकला! "मोडलाच हाय उपास, तर ह्यो कशाला ठिवू? बाप्पाला सांगते मी काय सांगायचं ते." मग बोट चाटत म्हणाल्या, "पोरगी पसंत हाय आम्हाला."

मी तर रडायलाच लागले. रडत रडतच बशी पुन्हा भरायला उठले.

"थांबा. एक अट हाय."

आमचे सगळ्यांचे चेहरे उतरले. "बोला ना," मी कशीबशी म्हटलं.

"लग्नाचा स्वयंपाक आचाऱ्यालाच द्या. तुम्ही मांडवात नटूनथटून बसायचं. चुलीकडं फिरकायचं नाय."

आणि दुपारभर तोंडातून शब्द न काढलेले आमचे हे हात जोडून म्हणाले, "वहिनी, ही अट आजपासूनच लागू करता का?"