हेडबाईंचा पान्हा

आमच्या शेजारचे गोठेवाले कामावरून परतले की आधी त्यांचा खोकला गल्लीत शिरायचा आणि मागून ते. खोकला कानावर आला की त्यांची बायको चहाचं आधण ठेवी.

एका डेअरीच्या गोठ्यात ते तरुणपणापासून कामाला. सुका चारा यंत्रातून बारीक करायचा, तेव्हा धुरळा असा उठे की शेजारची गाय दिसत नसे. त्यात थंडी पडली की हे गृहस्थ खिडक्यांना पोती ठोकत. गायींना गारवा बाधू नये म्हणून. मग आत शेणामुताचा वायू कोंडे, डोळे चुरचुरत. “गोठ्याला गोठ्याचा वास यायचाच, बाई,” असं ते मला समजावत. त्यांच्या मुलीला मी शिकवलं होतं, म्हणून मी त्यांचीही बाईच.

एकदा चाऱ्याची पाटी उचलताना ते मटकन खाली बसले. श्वासच पुरेना. बायकोने धरून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी छाती तपासली, नळीत फुंकायला लावलं आणि स्पष्ट सांगितलं की ही धूळ आणि हा वायू फुप्फुसं खातोय. पोती काढा, चारा ओलसर करून घाला, गोठ्यात घट्ट बसणारा मास्क लावा. नाहीतर गोठा सोडा. शेवटचं वाक्य ऐकून त्यांचा चेहरा एवढासा झाला.

पोती निघाली. चाऱ्यावर पाणी शिंपडलं जाऊ लागलं. मास्कपाशी मात्र गाडं अडलं, आणि ते अडवलं हेडबाईंनी. हेडबाई म्हणजे गोठ्यातली सगळ्यात थोराड गाय. कोणी उशिरा आलं की मान वळवून अशी बघे की दुसरं नाव सुचूच नये. हे नाव मला सांगताना ते फार ओशाळले. मी म्हटलं, मी कुठे हेडबाई होते? तर म्हणाले, “म्हणून तर सांगितलं.”

ते मास्क लावून धार काढायला बसले की हेडबाई पान्हा चोरायची. पाय झाडायची, शेपटीने फटके मारायची. मालक कुरकुरू लागले. चार दिवसांत मास्क खिशात गेला आणि खोकला पुन्हा वाढला. “ती ओळखत नाही मला. परक्याला कशी दूध देईल? तिचंही बरोबरच आहे,” असं त्यांचं म्हणणं.

बायको भडकली. गायीचं बरोबर आणि डॉक्टरांचं चूक, असं कसं ते बघतेच म्हणाली आणि सकाळी मला घेऊन गोठ्यात जाऊन उभी राहिली.

एरवी धार काढताना या माणसाची टकळी अखंड चालू असे. दुखरा गुडघा, लेकीचं सासर, महाग झालेली पेंड, सगळं गायींच्या कानावर घालायचं. त्या दिवशी मास्क चढवला आणि एकदम चिडीचूप. तोंड बांधलं म्हणजे बोलायचं नाही, असं त्यांनी आपलं धरूनच ठेवलं होतं.

“अहो, मुक्यासारखे काय बसलात?” बायको म्हणाली. “न बोलता कोणी अंगाला हात लावला तर ती बिचकेल नाहीतर काय?”

“यातून ऐकू जातं का?”

“मला इतकी वर्षं डोक्यावरून पांघरूण घेऊनही ऐकू येतंय.”

मग ते घुमलेल्या आवाजात, जरा लाजतच, जावई फोन उचलत नाही ही तक्रार सांगू लागले. हेडबाईने कान फिरवला. शेपूट थांबली. जावयाचं प्रकरण निम्म्यावर आलं तेव्हा बादलीत पहिली धार वाजली.

मास्क टिकला, गोठाही सुटला नाही. खोकला पुष्कळ कमी झाला. गेलेला दम मात्र परत यायचा नाही, आहे तो सांभाळा, असं डॉक्टर म्हणाले. संध्याकाळी दोघं चढावरच्या दुकानापर्यंत चालत जातात. अर्ध्या चढावर बायको चप्पल नीट करायला थांबते, आणि बराच वेळ थांबते. “तुला हल्ली चालवत नाही,” असं ते धापा टाकत म्हणतात. ती ऐकून घेते.