मीटरकाका आणि आईची गरम लादी

मीटरकाकांचा माणसांवर विश्वास नव्हता असं नाही, पण मीटरवर जास्त होता. "माणूस सांगतो त्यातलं निम्मं ऐकायचं, मीटर सांगतो ते सगळं," असं म्हणत ते पिशवीतून आपला पिवळा मीटर बाहेर काढत. डोळ्यांदेखत बल्ब पेटलेला असला तरी मीटर लावून बघत आणि मगच 'पेटलाय' म्हणत. त्यांचं खरं नाव आमच्या लालबागेत फार थोड्यांना ठाऊक असेल.

ते राहायचे डिलाईल रोडच्या एका चाळीत. धंद्याने वायरमन. टॉवरांतल्या बड्या लोकांनी लादीखाली वायरीची जाळी पसरून न्हाणीघरं गरम करायची टूम काढली, तेव्हा काकांनी ते काम शिकून घेतलं. मी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा हसून हसून पुरेवाट झाली. ज्या मुंबईत माणसं पंख्याखालच्या जागेसाठी भांडतात, तिथे जमीन तापवायची! पण हसू ओसरल्यावर मला आई आठवली.

आमची चाळ पाडून इमारत झाली, आम्ही चौदाव्या मजल्यावर गेलो, गुळगुळीत लाद्या आल्या आणि आईचं खाली बसणं गेलं. चाळीत दुपारी तिच्याभोवती चार बायका भाजी निवडत बसायच्या, सोबत कोणाकोणाच्या सुनाही निवडल्या जायच्या. नव्या लादीचा गारवा मात्र तिच्या वाताच्या गुडघ्यांत शिरू लागला. ती सोफ्यावर चढून बसली आणि बायका हळूहळू यायच्या थांबल्या. सोफ्यावर बसलं की दवाखान्यात नंबर लावल्यासारखं वाटतं, असं त्यांचं म्हणणं. आई दिवसभर टीव्ही लावून ठेवायची आणि बघायची मात्र नाही. ती अशीच मिटत जाणार की काय, या विचाराने माझा जीव टांगणीला लागला होता.

मी काकांना निरोप धाडला. एका रविवारी ते बुद्धविहारातून परस्पर आमच्याकडे आले. पहिला प्रश्न त्यांनी मला नाही, आईला विचारला. "मावशी, तुम्हाला बसायचंय कुठं?"

आईने खिडकीजवळची जागा दाखवली.

"आणि बाकीच्या? तुम्ही काय एकट्याच बसणार?"

आईने बोटाने आणखी चार जागा दाखवल्या, नावानिशी. काकांनी खडूने त्या सगळ्या आखून घेतल्या. "अख्खं घर तापवायची गरज नाय. कपाटाखाली तर जाळी घालायचीच नाय, उष्णता कोंडते. माणसं बसणार तेवढंच तापवू." मला स्वतःला ते चार खडूचे गोल सुचले नव्हते.

जाळी पसरण्याआधी, पसरल्यावर आणि वर लादी बसल्यावर असं तीनदा तपासायचं, हा त्यांचा नेम. तिसऱ्यांदा मीटर गप्प. वायर कुठेतरी तुटली होती. लादीवाला आधीच उसळला, "माझी थापी लागली नाय हां, काका!" काका वादात पडले नाहीत. तीन लाद्या उचलायला लावल्या, खाली वाकून बराच वेळ शोधलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "थापी नाय. माझाच स्क्रूड्रायव्हर टोचलाय, खिशातला. दुसऱ्यांदा तपासून उठताना." चूक सापडल्याचा त्यांना इतका आनंद झाला, की वायर जोडून झाल्यावर लादीवाल्याला त्यांनी दोनदा चहा पाजला.

लादीखालचा सिमेंटचा मसाला नीट सुकेपर्यंत दोन आठवडे काही चालू करायचं नव्हतं. आईचा स्वभाव ओळखून काका उष्णता कमीजास्त करायचा थर्मोस्टॅटच काढून घरी घेऊन गेले. आई त्यांना रोज फोन करायची. "मेल्यान माझी ऊब खिशात घालून नेल्यान!" हा वर मला ऐकवायचा शेरा.

शेवटी तो दिवस आला. काकांनी थर्मोस्टॅट परत बसवून आकडा अठ्ठावीसवर ठेवला. आई म्हणाली, "चाळीस कर, बेगिन तापात."

"आकडा वाढवला म्हणून लवकर नाय तापत मावशी, जास्त तापते. अर्धा तास धीर धरा."

अर्ध्या तासाने आई माझ्या खांद्याला धरून हळूहळू खाली बसली. तिने पाय लांब केले, लादीवरून हात फिरवला. "अगो बाय, ह्यां तर चुलीपुढे बसल्यासारख्यां वाटता!" आणि लगेच मला फर्मान, "जा, त्यांका बोलाव." मी नवव्या मजल्यावर धावले, मग सहाव्या. त्या दुपारी आमच्या घरात टीव्ही लागला नाही.

गेल्या हिवाळ्यात काका कायमचे नाशिकला मुलीकडे निघाले. निरोप घ्यायला आले तेव्हा बायका वाल सोलत बसल्या होत्या. त्यांनी सवयीने सगळं तपासलं आणि दारातूनच म्हणाले, "येतो मावशी."

"बस रे जरा," आई म्हणाली.

काका घुटमळले. "एवढ्या लाद्या गरम केल्या मावशी, पण काम झालं की आपण बाहेर. बसलो कधीच नाय."

आईने शेजारणीला सरकायला लावलं. काका चप्पल काढून आले, बायकांच्या मध्ये मांडी घालून बसले आणि दोन्ही तळवे लादीवर टेकवले.

"असं असतं होय हे," ते म्हणाले.

आईने मूठभर वाल त्यांच्यापुढे सोलायला ठेवले.