सात बिनहुकमी

कोर्टातलं शेवटचं काम शुक्रवारी संपलं आणि रविवारी आमची ब्रिजची स्पर्धा होती. नाव आधीच दिलेलं होतं, दोघांचं जोडीने, दर वर्षीसारखं. शनिवारी दुपारी मी मशीनमधले कपडे काढत होते तेव्हा त्याचा मेसेज आला. ‘उद्याचं काय? नाव काढून टाकू?’ मी ओला हात गाऊनला पुसला आणि लिहिलं, ‘कशाला? येते मी.’ त्याने अंगठा पाठवला. मी कपडे वाळत घातले.

ब्रिज मला त्यानेच शिकवलं. आमच्या माहेरी पत्ते म्हणजे झब्बू, फार तर मेंढीकोट. कांजूरमार्गला दोघांची ऑफिसं एकाच इमारतीत होती आणि जेवणाच्या सुट्टीत तळमजल्यावर चारपाच जण ब्रिज खेळत बसायचे. एकदा एक भिडू आला नाही म्हणून मला बसवलं. लग्न त्यानंतर झालं. म्हणजे भिडू आधी, नवरा-बायको नंतर.

का वेगळे झालात असं कुणी विचारलं की मला धड सांगता येत नाही. दारू नाही, मारहाण नाही, मध्ये तिसरं कुणी नाही. मूल झालं नाही, पण त्याचं रडूनही झालं होतं. बोलणं कमी होत गेलं, इतकंच. मग तो ‘थोडे दिवस’ म्हणून घाटकोपरला भावाकडे राहायला गेला. आधी दाढीचं सामान गेलं, मग चपला, मग पावसाळी जाकीट. मी मुलुंडच्याच घरात राहिले. कोर्टात न्यायाधीश बाईंनी विचारलं, विचार पक्का आहे ना? आम्ही दोघं एकदमच ‘हो’ म्हणालो. बाहेर आल्यावर त्याने विचारलं, “रिक्षाने जाणार की चालत?” दाढ काढायच्या आधी इंजेक्शन देतात ना, गाल आपलाच असतो पण हात लावला की दुसऱ्या कुणाचा तरी वाटतो, तसं मला सगळ्या अंगाला झालं होतं. मी म्हणाले, “चालत.”

स्पर्धा मुलुंडलाच होती, एका सोसायटीच्या हॉलमध्ये. मी पोचले तेव्हा तो टेबलाशी बसलेला होता. एसीचा झोत अंगावर आला की मला शिंका सुटतात, म्हणून माझी खुर्ची त्याने भिंतीकडच्या बाजूला ठेवली होती. ते माझ्या लक्षात आलं. मी जाऊन बसले.

आमच्याबद्दल तिथे सगळ्यांना माहीत होतं. चहाच्या टेबलापाशी एक बाई म्हणाल्या, “कमाल आहे हं तुमची दोघांची.” म्हणजे काय, ते मी विचारलं नाही.

जेवणानंतरचा दुसराच डाव असेल. डावीकडे एक निवृत्त गृहस्थ, उजवीकडे त्यांची मुलगी. मी एक बिनहुकमी बोलले. म्हणजे पत्ते चांगले आहेत, आणि कुठलाच रंग हुकूम नको. त्याने पत्ते बघितले, मिटले, पुन्हा उघडले. ब्रिजमध्ये बोली तोंडाने करत नाहीत, कार्ड ठेवतात. त्याने सरळ सातचं कार्ड ठेवलं. सात बिनहुकमी. पहिले सहा हात धरलेलेच असतात, वर हे सात, म्हणजे तेराच्या तेरा हात आम्हीच करणार, एकही सोडणार नाही. याच्या वर बोली नाही.

इतक्या वर्षांत त्याने असं कधी केलं नव्हतं. भाजी घेतानाही दोन दुकानं फिरणारा माणूस. मी त्याच्याकडे पाहिलं. तो कार्डाकडे बघत होता.

गृहस्थांनी बदामची राणी टाकली. त्याने आपले पत्ते उघडे करून मांडले. आता तो डमी. डमीने बोलायचं नसतं, दोघांचे पत्ते मीच खेळायचे. मी खात्रीचे हात मोजले. इस्पिकचे तीन, बदामचे दोन, चौकटचे दोन, किलवरचे पाच. बारा. तेरावा नव्हता.

मला दोन रस्ते दिसत होते. चौकटचे राजा आणि गुलाम माझ्याकडे होते, एक्का समोर, राणी बाहेर. ती उजवीकडच्या मुलीकडे आहे असं धरून गुलाम लावायचा. छापा की काटा, बस. दुसरा रस्ता लांबचा. समोर इस्पिकची चार पानं होती. बाहेरच्या इस्पिकांपैकी चार आणि चौकटची राणी एकाच माणसाकडे असतील, तर आपले बाकीचे हात आधी वाजवून घ्यायचे. प्रत्येक हाताला त्याला एक पान टाकावंच लागतं. होता होता अशी वेळ येते की दोन्ही राखायला त्याच्या हातात जागा उरत नाही. याला कोंडी म्हणतात. मात्र त्यासाठी चौकटचे एक्का-राजा आधीच खर्च करावे लागतात, आणि मग पहिला रस्ता बंद.

समोरची इस्पिकं मांडली गेली तेव्हा गृहस्थांनी आपल्या हातातलं टोकाचं पान उगाच सरकवलं होतं. इस्पिकं त्यांच्याकडेच जास्त आहेत असं मी धरलं. राणीचं काहीच कळत नव्हतं.

अशा वेळी एरवी माझे तळवे घामेजतात. त्या दिवशी कोरडे होते. डोकं मात्र लख्ख चालत होतं, माझं नसल्यासारखं. बदामचे एक्का-राजा घेतले. चौकटचा एक्का, मग राजा. राणी पडली नाही. मग किलवर एकामागून एक. गृहस्थ भराभर पानं टाकत होते. पाचव्या किलवरला थांबले. चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा लावला. त्यांच्या हातात पाच पानं होती. मुलगी छताकडे बघत होती. शेवटी त्यांनी इस्पिकची दुर्री टाकली.

मी इस्पिकचा राजा घेतला, समोरून एक्का, राणी. मग समोर उरलेली इस्पिकची अठ्ठी, तेरावा हात. तिच्यावर गृहस्थांनी चौकटची राणी टाकली आणि म्हणाले, “काय करणार बाई, दोन्ही माझ्याकडेच. झकास खेळलात.”

तो म्हणाला, “छान.” मी म्हणाले, “सात का बोललास?” “वाटलं,” तो म्हणाला. मी पुढचे पत्ते उचलले. आनंद व्हायला हवा होता. मी थोडा वेळ वाट पाहिली.

शेवटी आम्ही दुसरे आलो. बाहेर फुटपाथवर त्याने सवयीने गावी आईला फोन लावला. त्याची आई कुडाळजवळ एकटी राहते. “आये, हिने आज मोठो डाव मारल्यान.” मग त्याने फोन माझ्याकडे दिला. “गो, बरी आसस मा? गणपतीक दोगांय येतास ना?” आईंनी विचारलं.

मी त्याच्याकडे पाहिलं. तो मेट्रोच्या खांबांकडे बघत होता.

“येतो आई,” मी म्हणाले.

फोन ठेवल्यावर मी विचारलं, “अजून सांगितलं नाहीस?”

“नाही.”

“मी आत्ता खोटं बोलले. परत नाही बोलणार हां.”

“सांगतो,” तो म्हणाला. “सॉरी.” आणि स्टेशनकडे गेला. मी घरी येऊन कुकर लावला.

त्याने सांगितलं, पण फोनवर नाही. रजा काढून गावी जाऊन सांगितलं. त्याच संध्याकाळी आईंचा फोन आला. म्हणाल्या, “माका कळला ता.” मी म्हणाले, “हो आई.” “मगे मोदक कोण वळतला?” त्या रागावल्या होत्या की खरंच विचारत होत्या, मला कळलं नाही. “मी येऊ का?” मी विचारलं. “ये. तुका कोणी अडवल्यानी?”

मी गेले नाही. रजा मिळाली असती. तिकीटही बघितलं होतं मोबाइलवर.

गणपतीनंतरच्या रविवारी आम्ही पुन्हा खेळायला बसलो, अजूनही बसतो. त्याने एक कापडी पिशवी टेबलावर ठेवली. घरची लाल चवळी, आईंनी माझ्यासाठी वेगळी बांधून दिलेली. “निवडलेली आहे म्हणाली,” तो म्हणाला. मी पिशवी खुर्चीखाली ठेवली आणि पत्ते वाटायला घेतले. दुसऱ्या दिवशी थोडी भिजत घातली, उसळ केली. मीठ कमी पडलं होतं. वरून घेतलं.