दारावर पडलेली थाप

माझा नवरा हुशंग दीबाज भित्रा आहे, हे मला आमची बोलणी चालली होती तेव्हाच कळलं होतं. माझ्या वडिलांनी विचारलं, "आपण काय करता?" तर चहाचा पेला बशीत खडखडायला लागला आणि हा म्हणाला, "मोजतो."

"काय, जमीन?"

"नाही आगा. न्यूट्रॉन."

वडील आतल्या खोलीत येऊन मला म्हणाले, "मुलगा सज्जन आहे. काहीतरी बारीकसं मोजतो."

आणि ते खरंच होतं. परदेशातल्या एका थंडगार गावात डॉक्टरेट घेऊन हुशंग तेहरानला परतला, तेव्हा त्याचे दोस्त सामान बांधून देशाबाहेर पळत होते. विद्यापीठाच्या तळघरात त्याला एक जुनं यंत्र मिळालं. त्यातून न्यूट्रॉन सोडायचे, त्यांच्या वाटेत सोन्याचा नाहीतर तांब्याचा पातळ पत्रा धरायचा, मग तो पत्रा घेऊन पळत शेजारच्या खोलीत जायचं आणि त्यातून किती किरण निघतात ते मोजायचं. पळायचं अशासाठी, की उशीर झाला तर किरण विरून जातात. बस चुकली तरी कधी न धावलेला हा माणूस सगळं आयुष्य त्या दोन खोल्यांमध्ये धावला.

"एवढं मोजून कळतं तरी काय?" मी विचारायची.

"कुठला धातू किती न्यूट्रॉन गिळतो ते."

"आणि मग?"

"मग पुढचा धातू."

बाहेरून सुटे भाग येणं बंद झालं, तेव्हा फ्रीज दुरुस्त करणाऱ्यांच्या गल्लीत हिंडून त्यानं पंप चालू ठेवला. किरण मोजणारा स्फटिक कायम गार ठेवावा लागे, म्हणून नौरोजच्या, नव्या वर्षाच्या सुट्टीतही हा त्यात द्रव नायट्रोजन भरायला जायचा. पाहुणे घरात, आणि हा तळघरात. "सवतीला पाणी पाजून आलास का?" असं मी चारचौघांत विचारायची. तो लाजून हसायचा. ते दिवस चांगले होते.

पुढे शहरात अणुशास्त्रज्ञांना मारायला सुरुवात झाली. रहदारीत गाडी हळू झाली, की मोटारसायकलवाला शेजारी यायचा, दारावर चुंबकानं बॉम्बची डबी चिकटवायचा आणि निघून जायचा. गाडीतल्या माणसाला उतरायलाही वेळ मिळत नसे. हुशंगनं उभ्या जन्मात बॉम्ब सोडा, फटाका उडवला नव्हता. पण मारणारा काही प्रबंध वाचून येत नाही. अणू हा शब्द नावापुढे आला, की झालं.

हुशंग सकाळी वाकून गाडीखाली बघू लागला. मी खिडकीशी उभी राहून मोटारसायकली ऐकू लागले. तेहरानमध्ये मोटारसायकली ऐकत बसायचं म्हणजे वेड लागायचंच काम. त्याला घरी यायला जरा उशीर झाला, की मी दारात जाऊन उभी राही. मी भांडले, रडले, जेवण सोडलं. "शाळेत शिकव. भाजी विक. मला नवरा जिवंत हवाय."

"मुनीरे जान, हातातलं मोजमाप तेवढं संपू दे."

"ते कधी संपणार?"

तो गाडीच्या किल्ल्या उचलून निघाला.

एका गुरुवारी आम्ही माझ्या वडिलांच्या कबरीवर निघालो. एरवी मी कोट आणि रुमालावर भागवते, पण कबरस्तानात जायचं म्हणून डोक्यापासून पायापर्यंतची काळी चादोर घेतली होती. मांडीवर कबरीपाशी वाटायच्या हलव्याचं ताट. आमच्या म्हाताऱ्या पेकान गाडीचं माझ्या बाजूचं दार आतून उघडत नसे. दर वेळी हुशंग उतरून, वळसा घालून ते उघडायचा. शेजारणी म्हणायच्या, किती अदबशीर नवरा!

चौकाच्या अलीकडे रहदारी तुंबली. उजवीकडून मोटारसायकल आली. मी हेल्मेट पाहिलं, हातमोजा पाहिला, आणि माझ्या दारावर थाप पडली. तो काहीतरी ओरडला आणि गाड्यांमधून पुढे सटकला.

हुशंगनं माझ्याकडे पाहिलं. तसा चेहरा मला पुन्हा कधी बघायचा नाही.

"उतर!" तो किंचाळला आणि स्वतःचं दार उघडून बाहेर पडला.

मी त्याच्या बाजूला सरकायला गेले, तर मानेला हिसका बसून मागे आदळले. चादोर कुठंतरी पकडली गेली होती. ती हनुवटीखाली पिनांनी घट्ट लावलेली, बोटांना पिना सापडेनात. हलवा सांडला. हुशंग पळतोय एवढं मला दिसलं, आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. निदान हा तरी वाचेल.

पण तो गाडीला वळसा घालून माझ्याच दाराशी आला. थाप जिथं पडली होती तिथं त्यानं छाती टेकवली, पोट टेकवलं, डोळे मिटले आणि एका हातानं दाराची मूठ चाचपू लागला. त्याच्या थरथरण्यानं काच वाजत होती.

काहीच झालं नाही.

मागचे लोक भोंगे वाजवू लागले. पुढे गेलेला मोटारसायकलवाला गाडी उभी करून परत आला, हेल्मेट काढलं. मिसरूड फुटलेला पोरगा होता.

"काय झालं, हाजीआगा? खानुमची चादोर दारात अडकून बाहेर लोंबत होती. चाकात गेली असती, म्हणून हात मारला."

हुशंगनं डोळे उघडले. त्याच्याकडे बघता बघता पोराच्या काय ते ध्यानात आलं, आणि त्याचाही रंग उडाला. "आईची शपथ हाजीआगा, मी तसला नाही."

"तुमचे हात कधी दुखू नयेत," हुशंग म्हणाला. अशा वेळीही रीतसर आभार, अदब सुटत नाही! त्यानं दार उघडलं, ताटात उरलेला हलवा त्या पोरापुढे धरला. "घ्या. हिच्या वडिलांसाठी फातिहा म्हणा." त्या बिचाऱ्यानं तिथंच रस्त्यात फातिहा म्हटली. तिघांपैकी कोणाला रडू आवरत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात हुशंग दुपारीच घरी आला. प्रयोगशाळेच्या किल्ल्या देऊन आला होता.

"नायट्रोजन आता कोण भरणार?" मी विचारलं.

"कोणी नाही. स्फटिक गरम होईल."

"आणि मोजमाप?"

"गाडीत तू होतीस, मुनीरे," एवढंच म्हणाला आणि बूट काढायला बसला.

मी दृष्ट काढायला घरभर इस्पंदच्या बियांचा धूर फिरवला, शेजारच्या तूबा खानुमला मिठाई दिली. कित्येक वर्षांनी मी गाढ झोपले. सकाळी दोघं संगक रोटी आणायला पायी निघालो. मी आनंदात होते, बडबडत होते. परतताना गल्लीच्या टोकाला मोटारसायकल वाजली. हातातली गरम रोटी टाकून हुशंगनं मला भिंतीशी लोटलं आणि माझ्यापुढे हात पसरून उभा राहिला. मोटारसायकल गेली. दूधवाला होता.

मी त्याचे खांदे धरले. "अरे, आता कशाला घाबरतोस? तू सोडलंस ना ते सगळं!"

"सोडलं," तो म्हणाला. "पण हे त्यांना कोण सांगणार?"