एकेचाळीस नंबरची तबकडी

१६ नोव्हेंबर, रविवार. सांगलीजवळच्या माधवनगरच्या घरातलं वडिलांचं लोखंडी कपाट रिकामं करायचं होतं. एक तारखेला भाडेकरू राहायला येणार होते. भाऊ पुण्याहून फोनवर सूचना देत होता आणि हात माझे एकटीचे चालत होते. दुपारपर्यंत रद्दीची पाच पोती बांधून झाली. वडिलांचे कपडे मी दारावरच्या बोहारणीला दिले आणि एक पातेलं घेतलं. उरल्या गाण्यांच्या तीसेक तबकड्या.

वडील गिरणीत स्टोअरकीपर होते. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी उरलेला वेळ भजनात घातला. तबकड्या बहुतेक साध्याच होत्या, जुन्या बाजारात किलोवर जातील अशा. एक मात्र निराळी होती. मिरजेतल्या एका तंबोरे बनवणाऱ्या घराण्यानं कारखान्याच्या पन्नाशीला ती काढली होती. फक्त दोनशे प्रती, आणि प्रत्येकीच्या मधल्या गोल कागदावर शाईनं घातलेला क्रमांक. तिच्यात गाणं नाही. दोन्ही बाजूंना चार तंबोरे नुसते वाजत राहतात. गाणाऱ्यानं रियाजाला लावावी म्हणून केलेली, जुन्या गिऱ्हाइकांना भेट दिलेली. लहानपणी मला ती आवडायची नाही. कुणीतरी आता गायला सुरुवात करेल असं वाटत राहायचं आणि कुणी करायचं नाही.

इंटरनेटवर शोधलं तर तिच्यावर लोक लिलावात तुटून पडत होते. आमच्या प्रतीची अडचण एवढीच, की वडील दर खंडेनवमीला सायकल, शिलाई मशीन आणि विळ्याबरोबर या तबकडीचीही पूजा करायचे. ओल्या कुंकवाची पाच बोटं. वीस-पंचवीस वर्षांच्या कुंकवाखाली क्रमांक पार गाडला गेला होता आणि थोडं कुंकू रेघांतही शिरलं होतं. असा फोटो टाकला असता तर कुणी ढुंकून पाहिलं नसतं.

म्हणून मी एका जुन्या, बंद झालेल्या विक्रीच्या पानावरचा फोटो उचलला. स्वच्छ काळी तबकडी, भिंतीला टेकवून ठेवलेली, क्रमांक एकेचाळीस. खालचा मजकूरही तिथलाच घेतला: मर्यादित आवृत्ती, दोनशेपैकी एकेचाळिसावी, एकही डाग नाही, जवळजवळ न वाजवलेली. मर्यादित आवृत्ती एवढंच त्यात खरं होतं. घेणाऱ्याला फोनवर कुंकवाचं सांगू, असं मी मनाशी ठरवलं होतं. सांगितलं असतं का, ते आज खात्रीनं म्हणता येत नाही.

लिलाव सात दिवसांचा होता. सोमवारी सकाळपासून एक गोष्ट ध्यानात आली. कुणीही बोली लावली, की दोन मिनिटांच्या आत एकच जण ती वाढवायचा. सकाळी, दुपारी, केव्हाही. जणू कुणी दुसरं कामच करत नव्हतं, नुसतं त्या पानाकडे बघत बसलं होतं.

बुधवारी मी कुकरच्या तिसऱ्या शिट्टीची वाट बघत उभी होते, तेव्हा त्याच नावानं निरोप आला. मराठीत होता. ‘तबकडीत बसलेले गृहस्थ बरे आहेत का?’

मी लिहिलं, ‘कोण गृहस्थ?’

‘फोटो मोठा करून बघा.’

दोन बोटांनी फोटो मोठा केला. काळ्या चकचकीत तबकडीत समोरची खोली उमटली होती. उभ्या गजांची खिडकी, खाट, आणि खाटेवर एक म्हातारा माणूस. कानटोपी, एक खांदा पडलेला, दोन्ही हात गुडघ्यांवर. तो सरळ माझ्याकडे बघत होता. तीन दिवस मी हा फोटो लोकांना दाखवत होते आणि मला तो दिसला नव्हता. फोटो माझ्या घरातला नाही हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तरी मी गॅस बंद केला आणि मागे वळून खोलीत बघितलं.

मागोमाग नंबर आला. मी फोन लावला. बाईंचा आवाज, सत्तरीतला.

“मी साताऱ्यावरनं बोलतीय. निरोप शेजारच्या पोराकडनं लिवून घेतला. त्ये घरात हायेत का?”

“कोण, मावशी?”

“आमचं मालक. चार वर्सं झाली. भादव्यात ती तबकडी घिऊन भाईर पडलं. नुसती तबकडी. तिचं पाकीट हितंच हाय, त्याच्यावर बी एकेचाळीस लिवलंय. इसरायला लागलं होतं त्ये. घरचा पत्ता बी सांगता यायचा न्हाई.” मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, “जेवलं का त्ये?”

फोटो चोरलेला आहे, एवढं चार शब्दांत सांगून फोन ठेवता आला असता. पण त्या प्रश्नानंतर ते चार शब्द तोंडातून निघेनात. “मी उद्या येते,” म्हणाले.

भावाला सांगितलं तर तो हसला. “एका फोटोपायी सातारा? माफीनामा कुरिअर कर की. आणि तबकडी बरोबर नेऊ नकोस, तू फुकट देऊन येशील.”

“तू येऊन कपाट हलव आधी,” मी म्हटलं. तबकडी साडीत गुंडाळून पिशवीत घातली आणि सकाळची एसटी धरली. पेठ नाक्यापर्यंत उसाच्या ट्रॅक्टरांनी रस्ता अडवला होता, त्यामुळे साताऱ्यात उतरायला दुपारचे दोन वाजले.

घर गोडोलीकडे, फौजेतून निवृत्त झालेल्यांच्या वस्तीत. दोन खोल्या, पुढे तुळस. बाई दारातच उभ्या होत्या, पायात चप्पल, हातात भरलेली पिशवी. वर घडी केलेला सदरा दिसत होता आणि औषधांची पट्टी. त्या माझ्याबरोबर सांगलीला यायला निघाल्या होत्या.

“पाच मिन्टं बसा, पानी प्या,” त्या म्हणाल्या. “मग जाऊ.”

मी बसले नाही. बसले असते तर बोलता आलं नसतं. “मावशी, तो फोटो माझा नाही. मी इंटरनेटवरून उचलला. माझी तबकडी ही, पिशवीत आहे. तुमचे मालक माझ्याकडे नाहीत. मी त्यांना कधी पाहिलेलं नाही.”

त्यांनी पिशवीचा बंद हातातून सोडला नाही. “म्हंजे तुमी पन,” त्या म्हणाल्या.

“मी पण काय?”

“ह्यो फोटू धा जनांनी लावला आजवर. दोनदा तबकडी मागिवली मी. एकदा कुठली भजनं आली, एकदा नुसता पुठ्ठा. मानूस कुटं हाय इचारलं की समदी गप.” मग चप्पल काढली. “या आत. सांगाया आलेल्या तुमीच पैल्या.”

आत जाताच एक बारीक घरघर ऐकू आली. कोपऱ्यात तबकड्या वाजवायचं यंत्र होतं, चांगल्या अवस्थेतलं. त्याची थाळी फिरत होती, आणि थाळीवर काही नव्हतं.

“हे चालू राहिलंय,” मी म्हटलं.

“ऱ्हायलं न्हाई, लावलंय. रोज दुपारी तासभर. मोटर बसू दिली तर जाम हुती म्हनायचे त्ये.” मालक सैन्याच्या बँडमध्ये मोठा ढोल वाजवायचे. निवृत्त झाल्यावर बासरी धरली, आणि रोज दुपारी तंबोऱ्यांची तबकडी लावून बसायचे. ढोलाच्या पट्ट्यानं डावा खांदा कायमचा खाली आला होता.

मी फोनवर तो फोटो उघडून बघितला. “मावशी, यात तर उजवा खांदा पडलाय.”

“कशात बघताय तुमी? तबकडीतच न्हवं? आरशात उलटं दिसत न्हाई का?”

हे मला सुचायला हवं होतं. त्यांनी कपाटातून रिकामं पाकीट आणून माझ्या मांडीवर ठेवलं. एकेचाळीस. चारच्या शेपटीला तोच वळसा, फोटोतल्या कागदावर होता तसाच. मग त्यांनी फोटोतल्या खिडकीवर बोट ठेवलं. “ही आमची न्हाई. आमच्या खिडक्यांला आडवं गज. आमची खाट बी न्हाई ही.”

म्हणजे घर सोडल्यानंतर कुठल्यातरी दुसऱ्या घरात ते बसले होते. बाईंना हे चार वर्षं ठाऊक होतं. पोलिसांनाही दाखवून झालं होतं. पण दहा ठिकाणी दहा विक्रेते, सगळे लांबचे, प्रत्येक जण फोटो आपलाच म्हणणार किंवा फोन उचलणार नाही. त्यातला पहिला कोण, हे कुणी शोधायचं?

“तुमची वाजवा बगू,” त्या एकाएकी म्हणाल्या.

मी साडी सोडली. कुंकू बघून त्या हसल्या, त्या दिवसातलं पहिलं हसू. “खंडेनवमीला लावलं व्हय? आमचं मालक यंत्राला लावू द्यायचे, तबकडीला हात लावू द्यायचे न्हाईत. देवाला कुक्कू, सुराला न्हाई म्हनायचे.”

तंबोरे सुरू झाले. लहानपणी वाटायचं तसंच वाटलं, की आता कुणीतरी गाईल. कुंकू रेघेत जिथे सुकलं होतं तिथे सुई दर फेऱ्याला अडखळत होती. टक्. थोडं थांबून पुन्हा टक्. दारावर कुणी बोटाच्या पेरानं वाजवावं तसं. मी तीनदा दाराकडे बघितलं. बाई भिंतीला टेकून डोळे मिटून बसल्या होत्या, त्यांनी एकदाही बघितलं नाही. बाजू संपल्यावर म्हणाल्या, “असं रोज वाजतंय मला. तबकडी नसताना.”

मला स्वस्थ बसवेना. हाताला काम असलं की बरं, म्हणून मी फोन उघडला. मजकूर उतरवून घ्यायला त्या जुन्या पानाचा स्क्रीनशॉट मी काढून ठेवला होता. आळसानं काढलेला, पुसायचा राहिलेला. पान आता गेलं होतं, पण चित्रात सगळं होतं. वरच्या कोपऱ्यात विक्रीची तारीख आणि खाली विकणाऱ्याचं गाव. सीमेपलीकडचं, कर्नाटकातलं एक छोटं गाव, मी कधी न ऐकलेलं.

“मावशी, ते कुठल्या दिवशी गेले?”

त्यांनी कॅलेंडर न बघता तारीख सांगितली. मी बोटांवर मोजलं. पानावरची तारीख त्याच्या नंतर अकरा दिवसांनी होती. त्या फोटोच्या इतर सगळ्या विक्री महिन्या-दोन महिन्यांनंतरच्या, हे मी तिथेच बसून एकेक पान उघडून तपासलं.

बाईंनी तो गावाचं नाव असलेला कोपरा मला तीनदा वाचायला लावला. मग म्हणाल्या, “नुसतं चित्र घिऊन गेले तर म्हातारी येडी हाय म्हंत्याल. मागं म्हनलेत. तुमी लिवून द्याल का, कुठनं घेतला त्ये?”

लिहून द्यायचं म्हणजे मी खोटी जाहिरात केली हे पोलिसांच्या कागदावर माझ्या नावानं येणार. विक्रीचं खातं बंद होणार, ते वेगळंच. भाऊ वर्षभर तोंडसुख घेणार. शिवाय तो माणूस कुणीही असू शकत होता. कानटोपी घालून खाटेवर बसलेले म्हातारे काय कमी आहेत? हे सगळं माझ्या मनात येऊन गेलं. “ठाण्यात आत्ता कुणी भेटेल का?” एवढंच विचारलं. बाईंनी शेजारी चौकशी केली. साहेब बंदोबस्तावर गेले होते, सकाळी येणार होते.

मी राहिले. त्यांनी भाकरी आणि वांग्याचं कालवण केलं. तीन ताटं घेतली, एक झाकून ठेवलं. माझा लिलाव मी जेवणाआधीच रद्द केला होता.

सकाळी आंघोळ करून आधी झेरॉक्सच्या दुकानात गेलो. दुकानदारानं फोटो पडद्यावर मोठा करत नेला. “बाई, ह्याच्या फुडं मानूस फुटतोय.” खरंच, आणखी एका टिचकीसरशी तोंडाचे चौकोन झाले आणि खाटेवर नुसता करडा ढीग उरला. “फुटत नाही तिथपर्यंतच काढा,” मी म्हटलं. तो फोटो आणि स्क्रीनशॉट, दोन्हींच्या दोन-दोन प्रती घेतल्या.

ठाण्यात हवालदारानं सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे बघितलं. “म्हंजे खोटी जाहिरात तुमी टाकली, आनि त्येच सांगाया सांगलीवरनं आलात?”

“हो.”

“तबकडी तरी हाय का?”

“आहे. यांच्या घरी.”

त्यानं मान हलवली, कोरा कागद पुढे सरकवला आणि मी लिहीपर्यंत फोटो हातात घेऊन बसला. मी अर्ध्यावर आले तेव्हा म्हणाला, “ह्यांचं दोनी हात तर गुडघ्यावर हायेत. मग फोटू कुनी काढला?”

चार वर्षांत त्यांनी आणि दोन दिवसांत मी त्या खोलीत एकच माणूस बघितला होता. हवालदारानं फोटोतल्या तबकडीच्या कडेवर नख ठेवलं. तिथे, खाटेपासून दूर, एक बाही होती. चौकड्यांची, कोपरापर्यंत. पुढचं सगळं तबकडीबाहेर गेलेलं.

“त्ये बी लिवा,” तो म्हणाला.

मी लिहिलं. फोटो माझा नाही, कुठून आणि कधी उचलला, पानावर कोणतं गाव आणि कोणती तारीख होती, आणि कडेला चौकड्यांची बाही दिसते. खाली सही केली. मग त्याचीच दुसरी प्रत लिहून तिच्यावर पोहोच मागितली आणि शिक्का बसेपर्यंत तिथून हलले नाही.