आत्याबाईंचा संशय

आमच्या आत्याबाईंचा पहिल्या उत्तरावर कधीच विश्वास बसत नसे. धसईच्या स्टँडवर एसटीला ‘मुरबाड’ अशी पाटी दिसत असली तरी त्या आधी कंडक्टरला विचारत, मग ड्रायव्हरला आणि आत बसल्यावर शेजारणीला. “पाटी काय, कोन पन लावतंय.” त्या माझ्या नवऱ्याच्या सख्ख्या आत्या, तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आलेल्या. मी लग्न होऊन आले तेव्हा माझ्या हातचा पहिला चहा त्यांनी आधी मलाच प्यायला लावला होता.

विश्वास होता तो फक्त स्वतः भाजलेल्या मशेरीवर. “दुकानातल्या पुडीत काय पन मिसळतात गो. ही माझ्या हातची.” चुलीवर तंबाखू भाजायच्या, कुटायच्या, दातांना लावायच्या आणि चिमूटभर डाव्या गालात धरून ठेवायच्या.

एका वर्षी त्यांनी लसणीची चटणी सोडली. भाकरी दुधात कुस्करून खाऊ लागल्या. विचारलं तर म्हणाल्या, “यंदाची मिरची जाळ हाय.” मिरची गेल्या वर्षीचीच होती. आता संशय यायची पाळी माझी. एकदा मागच्या पडवीत त्या आरशाचा तुकडा धरून, गाल ताणून बघताना दिसल्या. मला पाहताच आरसा पदराखाली गेला.

मी त्यांना मुरबाडला दातांच्या एका डॉक्टरकडे नेलं. त्याने लांबूनच बॅटरी मारली, दात गालाला घासतोय म्हणाला आणि मलम दिलं. मला हायसं वाटलं. पायऱ्या उतरताना आत्याबाई म्हणाल्या, “बोट पन लावलं नाय त्यानं. मग समजलं कसं?” मलमाची नळी त्यांनी उघडलीसुद्धा नाही.

थोड्याच दिवसांत गावातल्या शाळेत तोंडाची तपासणी ठेवली होती. बोलवायला आलेल्या आशाताईचीच त्यांनी उलटतपासणी घेतली. “फुकट बघतात? कुनाच्या तोंडात कुनाला एवढा रस?” तरी मला घेऊन गेल्या. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. “हातमोजे नवे हायेत का? माझ्यासमोर घाला.” बाईंनी हातातले काढून नवे घातले. गाल आतून-बाहेरून चाचपला, जीभ उचलायला लावली, मान दाबून पाहिली.

“मशेरी डावीकडे ठेवता ना? चट्टाही तिथेच आहे. छोटा तुकडा काढून तपासावा लागेल.”

“तुकडा काढला की पसरतो म्हनतात.”

“नाही पसरत. आणि तपासल्याशिवाय ते काय आहे, हे मलाही सांगता येणार नाही.”

आत्याबाई घरी येताना म्हणाल्या, “ही पहिलीच भेटली, जी म्हनते मला ठावं नाय. हिचं ऐकू.”

कॅन्सर निघाला, पण सुरुवातीचा. मुंबईला ऑपरेशन झालं. गाल आत ओढला गेला, बोलणं जड झालं. मशेरीचा डबा त्यांनी स्वतः उकिरड्यावर पालथा केला. “हिच्यावर तेवढा संशय घेतला नाय मी,” एवढंच बोलल्या.

त्यानंतर त्या दुसऱ्यांच्या तोंडात डोकावू लागल्या. बाजारात भेटलेल्या बायकांना भर रस्त्यात “आ कर” म्हणत. माझा नवरा शहापूरजवळच्या गोदामात कामाला. गुटखा सोडला, असं घरी सांगायचा. एकदा जेवताना तो भाकरीचे अगदी बारके तुकडे करतोय, हे त्यांनी हेरलं.

“तोंड उघड रे.”

“सोडलाय म्हनलं ना, आत्या!”

“उघड.”

दोन बोटांपलीकडे तोंड उघडेना. तो चिडून ताटावरून उठला. दुसऱ्या दिवशी आत्याबाई त्याला त्याच डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या. एसटीत बसल्या त्या त्याचं मनगट धरूनच. गुटख्याने गाल आतून आखडलेत, पुढे कॅन्सर होऊ शकतो, असं बाईंनी सांगितलं. गुटखा सुटला. तो अजून नियमित तपासायला जातो आणि दुखणं पुढे सरकलेलं नाही. पण आखडलेलं तोंड काही मोकळं झालं नाही.

गेल्या भातकापणीत आत्याबाई गेल्या. त्या दुखण्याने नाही, म्हातारपणाने. त्यांना अंगणातून उचललं तेव्हा माझ्या नवऱ्याला हंबरडा फोडायचा होता. तोंड तेवढं उघडतच नव्हतं. दातांमागे कोंडलेला त्याचा आवाज मला मात्र तिरडी वळणाआड जाईपर्यंत ऐकू येत होता.