दोन्ही प्रती तंतोतंत

इस्पितळातले लोक त्यांना जुळेमास्तर म्हणत, आणि त्यांना ते आवडायचं. कामच तसं होतं. नव्या इमारतीतल्या सर्व्हरवर पेशंटचं नाव चढलं की जुन्या इमारतीतल्या सर्व्हरवर ते डोळ्याचं पातं लवायच्या आत हजर. दोन्हींच्या मधलं नेटवर्क असं वेगवान की विचारू नका. एक मशीन आडवं झालं तरी दुसरं उभंच. एकदा तळघरात पाणी शिरून अख्खा सर्व्हर बुडाला आणि वर ओपीडीत कुणाला पत्ताही लागला नाही. मास्तरांच्या आयुष्यातला हा सर्वांत मोठा विजय. कुणालाच कळला नाही, म्हणूनच तो विजय. त्यामुळे सत्कारबित्कार काही झाला नाही.

घरीही तीच शिस्त. आईचा आवाज त्यांनी तीन ठिकाणी ठेवला होता: घरी, ऑफिसातल्या एका जुन्या मशीनवर आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला ताईकडच्या डब्याएवढ्या मशीनवर. आई अंथरुणाला खिळली तेव्हा मास्तरांनी तिच्या उशाशी रेकॉर्डर ठेवला, "जुन्या आठवणी सांग," म्हणाले आणि ड्युटीवर गेले. पुढे आई गेली, आवाज राहिला. ऐकायला सवड मिळाली नाही, पण जपला मात्र डोळ्यांत तेल घालून. घरच्या प्रतीत झालेला बदल ऑफिसात क्षणात पोचे. ताईकडे रडतखडत. "ताई, नेटची लाइन बदल गं, माझी लाज जाते," असं ते दर फोनला सांगत, आणि "माझं काही अडत नाही," म्हणून ती फोन ठेवी.

एका रविवारी मास्तरांना साफसफाईची हुक्की आली. सकाळीच त्यांनी ढीगभर फोटो चढवले होते. मग बघतात तर 'आई' नावाचे दोन फोल्डर! जुळ्यांवर पोट भरणारा माणूस, पण स्वतःच्या घरात जुळं दिसताच त्याचं डोकं फिरलं. एक पुसून टाकला. फोल्डर एकच होता, फक्त दोन जागी दिसत होता, हे दुसराही रिकामा निघाला तेव्हा कळलं.

हरकत नाही म्हणत त्यांनी ऑफिसातली प्रत उघडली. तीही रिकामी. पडद्यावर हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं, 'दोन्ही प्रती तंतोतंत जुळतात.' नेटवर्कने इमानेइतबारे काम बजावलं होतं. अशी यंत्रणा चूकही तितक्याच तत्परतेने उतरवते, हे मास्तर नव्या लोकांना घसा कोरडा करून शिकवत. म्हणून तर इस्पितळाच्या माहितीची एक वेगळी प्रत कपाटात कुलूपबंद असे. पण घरच्यासाठी कशाला तो व्याप! मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं.

मग ताईची लाइन आठवली. सकाळचे फोटोच अजून तिकडे सरकत असणार आणि पुसण्याचा हुकूम त्यांच्या मागे. त्यांनी फोन लावला.

"ताई, त्या डब्याची वायर काढ! आत्ताच्या आत्ता!"

"कुठली? तूच म्हणालास ना, हात लावशील तर खबरदार म्हणून?"

"सगळ्या काढ! आई पुसली जातेय!"

ताईने पुढे एक अक्षर न विचारता वायरी उपटल्या.

मास्तर धापा टाकत पोचले. नेटची सोडून बाकीच्या वायरी जोडून बघितलं, सगळं जागेवर होतं. त्यांचा जीव भांड्यात पडला. लगेच त्यांनी पिशवीतून नवी डिस्क काढली, वायर जोडायला वाकले, तेवढ्यात ताईने हात धरला.

"थांब. तू हे ऐकलंयस तरी का कधी?"

ताईने बटण दाबलं. आधी खोकला, मग आईचा चिडका आवाज.

"आठवणी सांग म्हणे. कुणाला सांगू, ह्या डबीला? अरे... गेलास पण? पाच मिनिटं बसला असतास, तर सांगितलं असतं की."

ताईला ते पाठ असावं; ती खिडकीबाहेर बघत होती. मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. डिस्क बाजूला ठेवून ते खाली बसले. रेकॉर्डिंगमध्ये आई पुढे बराच वेळ गप्पच होती. तेही ते ऐकत राहिले.